आजीची ओवी, मुलांचा संग्रह: जात्यावरची गाणी मुलांनी ध्वनिमुद्रित करून ऑनलाइन कशी मांडावीत

सातवीतल्या एका मुलीने आपल्या आजीची ओवी वहीत उतरवून घेतली होती आणि खाली अर्थ लिहिला होता, 'वैरण म्हणजे गुरांचा चारा'. ओवीत जात्यात वैरण घालताना माहेरची आठवण येते असा आशय होता. जात्यात चारा कशाला घालतील, हा प्रश्न तिला पडला होता, पण वही फक्त बाई, म्हणजे मीच, तपासणार असल्याने तिने तो तसाच सोडून दिला, आणि मलाही तेव्हा नेमका अर्थ ठाऊक नव्हता. पुढच्या आठवड्यात त्या ओवीचे रेकॉर्डिंग आणि अर्थ आम्ही पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकले. संध्याकाळी दुसऱ्या गावातल्या एका आजींचा आवाजी निरोप आला, "अगं पोरी, वैरण म्हंजी जात्यात टाकायचा मूठभर दाना." त्या मुलीने अर्थ खोडून पुन्हा लिहिला आणि मग, कुणी सांगितले नसताना, गुरांच्या चाऱ्याला आणि जात्यातल्या दाण्याला एकच शब्द का, याचा शोध घेत ती शब्दकोशातल्या 'वैरणे' या क्रियापदापर्यंत पोहोचली. आधणात तांदूळ सोडण्यालाही वैरणेच म्हणतात, हे तिने घरी विचारून नक्की केले.

आपले काम खरोखर कुणीतरी ऐकणार आहे आणि त्याला उत्तर देणार आहे, एवढ्या एका गोष्टीने मुलाचे शिकणे किती बदलते, हे मी तेव्हापासून दर वर्षी पाहत आले आहे. सीमोर पॅपर्ट (१९२८–२०१६) यांनी जिनिव्हात बालमानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांच्याबरोबर काम केले आणि पुढे अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत मुलांच्या शिकण्याचा अभ्यास केला. त्यांचे सांगणे असे, की इतरांना पाहता येईल, तपासता येईल अशी वस्तू स्वतः घडवताना मूल सर्वांत चांगले शिकते. त्याच विचारातून २००७ मध्ये एमआयटीत स्क्रॅच ही मुलांसाठीची संगणकीय भाषा तयार झाली. आपल्याकडे मात्र सुरुवातीला संगणकाचीही गरज नाही. एक साधा स्मार्टफोन, एक वही आणि गाणी आठवणारी एक आजी एवढ्यावर काम सुरू होते. सहावी ते नववीच्या मुलांना हे काम चांगले जमते. आठवड्याला दोन तास धरले तर साधारण आठ आठवडे पुरतात, आणि शाळेऐवजी घरी एखाद-दुसऱ्या मुलाला घेऊन केले तरी पायऱ्या याच राहतात.

आधी ऐकणे

पहिला आठवडा फोन बाजूला ठेवावा. मुलांना आधी हे कळू द्यावे, की आपण जे करणार आहोत ते याआधी फार मोठ्या प्रमाणावर आणि फार आस्थेने झाले आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी १९८० च्या दशकापासून महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत जाऊन जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. १,००० हून अधिक गावांतल्या बायकांनी गायलेल्या १ लाखाहून अधिक ओव्यांचा हा संग्रह आहे आणि २०१७ पासून 'पारी', म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया, या संकेतस्थळावर त्यातल्या ओव्या ध्वनिमुद्रणे, छायाचित्रे आणि गायिकांच्या माहितीसह क्रमाक्रमाने प्रसिद्ध होत आल्या आहेत. वर्गात त्यातल्या दोन-तीन ओव्या ऐकवाव्यात आणि त्या पानावर काय काय नोंदले आहे, याची यादी मुलांकडूनच करून घ्यावी: गायिकेचे नाव, गाव, विषय, मूळ बोलीतले शब्द, त्यांचा अर्थ. नोंद कशी करतात हे मुले व्याख्यानापेक्षा अशा चांगल्या नमुन्यावरून लवकर शिकतात.

इतिहासाचा एक धागा इथेच जोडता येतो. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' या ११२९ मधल्या संस्कृत ग्रंथात, महाराष्ट्रातल्या स्त्रिया कांडताना ओवी गातात, असा उल्लेख आहे. ज्ञानेश्वरांनी १२९० मध्ये गीतेवरचे भाष्य ज्या छंदात केले, तो छंद त्याआधी दीडशे वर्षे तरी बायकांच्या तोंडी आणि हातांच्या लयीत होता, हे ऐकल्यावर मुले आपल्या आजीकडे वेगळ्या नजरेने पाहू लागतात.

संमती

या पायरीवर घाई करू नये. पहिल्या वर्षी आम्ही ती केली आणि त्याचा त्रास एका आजींना झाला. त्यांनी सासुरवासाच्या चार ओव्या गायल्या होत्या. सूर सुंदर होता, मुलांना अर्थही छान लागला होता, आणि आम्ही ते रेकॉर्डिंग सर्वांना खुले करून टाकले. ओवीत ज्या नात्याचा उल्लेख होता, त्या घरातली माणसे अजून त्याच गावात राहत होती. दोन दिवसांत आजींच्या दारात बोलाचाली झाली, आम्ही रेकॉर्डिंग काढून टाकले आणि मी स्वतः जाऊन त्यांची क्षमा मागितली. त्यांनी गाण्याला होकार दिला होता, हे खरे. पण ते गाणे कुठवर जाणार आहे, हे आम्ही त्यांना नीट सांगितलेच नव्हते.

तेव्हापासून आमचा नियम असा आहे, की संमती दोनदा घ्यायची. पहिली गाण्याआधी घ्यायची आणि ती आजींच्याच आवाजात रेकॉर्ड करायची. त्यात हे रेकॉर्डिंग कशासाठी आहे, कोण ऐकेल, नाव पूर्ण द्यायचे की फक्त 'अमुक गावच्या एक आजी' असे म्हणायचे, फोटो चालेल का, हे सारे साध्या बोलीत विचारायचे. मुलांनी हे प्रश्न आधी आपसांत घोटून ठेवावेत, आणि स्वतःच्या आजीला 'तू' म्हणत असले तरी शेजारच्या आजींना 'तुम्ही' म्हणावे, हे वेगळे सांगायची वेळ येऊ नये. दुसरी संमती रेकॉर्डिंग पूर्ण ऐकवल्यानंतर घ्यायची. स्वतःचा आवाज ऐकल्यावर आजी एखादी ओवी काढून टाका म्हणाल्या, तर कारण न विचारता ती काढायची.

मुलांना यामागचा कायदाही थोडक्यात सांगावा. परंपरेने चालत आलेल्या ओवीचा कर्ता सहसा कुणालाच ठाऊक नसतो, त्यामुळे तिचे शब्द सगळ्यांचे असतात. मात्र गाणाऱ्या व्यक्तीचा आपल्या गायनावर हक्क असतो. १९५७ च्या प्रताधिकार (कॉपीराइट) कायद्यात त्याला सादरकर्त्याचा हक्क म्हटले आहे आणि तो ५० वर्षे टिकतो. ओवी आजींनी स्वतः रचलेली असेल तर त्या तिच्या लेखिका ठरतात आणि तो हक्क त्यांच्या हयातीत आणि पुढे ६० वर्षे राहतो. "ही तुम्हाला कुणाकडून आली, की तुम्हीच जोडली?" हा प्रश्न म्हणूनच प्रत्येक ओवीमागे विचारायचा. गोव्यातल्या मुलांनी धालोची, म्हणजे तिथल्या बायकांच्या पारंपरिक नृत्योत्सवाची, गाणी घ्यायची ठरवली, तर मांडावरचे, म्हणजे धालो खेळायच्या जागेवरचे, कोणते गाणे बाहेर गाता येते आणि कोणते नाही, हे त्या बायकांनाच विचारावे आणि नाही म्हटलेले गाणे तिथेच राहू द्यावे.

मुलांच्या बाजूनेही संमती लागते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती मूल आहे आणि तिची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळता येणारी संमती घ्यावी, असे हा कायदा सांगतो. कायद्याची कलमे बाजूला ठेवली तरी पालकांकडून लेखी होकार घेऊनच पुढे जावे, आणि सार्वजनिक ठिकाणी मुलांची पूर्ण नावे, गणवेशातले फोटो किंवा घरचा पत्ता कधीही देऊ नये. श्रेय द्यायचे ते 'इयत्ता सातवी, गट दुसरा' असे किंवा मुलाने स्वतः निवडलेल्या टोपणनावाने द्यावे. फोनच्या कॅमेऱ्यात ठिकाणाची नोंद बंद आहे ना, हे फोटो काढण्यापूर्वी पाहावे, कारण ती चालू असेल तर फोटोच्या फाइलमध्ये घराचा नकाशावरचा नेमका ठावठिकाणा लपून बसतो.

रेकॉर्डिंग

खुर्चीवर बसवून "आजी, ओवी म्हणा" म्हटले की बहुतेक आजी एक ओवी म्हणतात आणि "आता आठवत न्हाई" म्हणून थांबतात. त्यांना जात्यापाशी बसवावे. माळ्यावरचे किंवा परसातले जाते धुऊन, पुसून मांडावे, अर्धा किलो ज्वारी किंवा बाजरी द्यावी आणि शक्य तर समोर दुसरी बाई बसवावी. हात खुंट्यावर गेला, वरची तळी फिरू लागली आणि पहिली वैरण पडली, की एकीमागून एक ओव्या येऊ लागतात. दोघी समोरासमोर असल्या तर एकीची ओवी दुसरीला पुढची आठवून देते. आम्ही एकदा अर्ध्या तासात २३ ओव्या मोजल्या. त्यातल्या निम्म्या त्या आजींच्या सुनेनेही कधी ऐकल्या नव्हत्या.

अडचण अशी, की जात्याच्या घरघरीत शब्द बुडतात. म्हणून प्रत्येक बैठक दोनदा रेकॉर्ड करावी: एकदा जात्यासह, लय आणि वातावरण मिळावे म्हणून, आणि लगेच नंतर जाते थांबवून, फक्त शब्दांसाठी. दुसऱ्या वेळी मुलांनी पहिल्या रेकॉर्डिंगमधल्या ओळींची सुरुवात हळूच सांगितली तर आजींना सगळ्या ओव्या पुन्हा सापडतात.

फोन एअरप्लेन मोडवर टाकावा. गायिकेच्या तोंडापासून वीतभर अंतरावर, थोडा बाजूला, दुमडलेल्या कापडावर तो ठेवावा, जेणेकरून जमिनीची धरधर त्यात उतरणार नाही. पंखा, टीव्ही, मिक्सर बंद असावेत. सिमेंटच्या रिकाम्या खोलीत आवाज घुमतो, तिथे भिंतीशी दोन गोधड्या टांगल्या तरी फरक पडतो. गाणे सुरू होण्यापूर्वी सर्वांनी दहा सेकंद गप्प राहून खोलीची नुसती शांतता रेकॉर्ड करावी. ही दहा सेकंदे पुढे सफाईच्या वेळी कामाला येतात. मग एका मुलाने तारीख, गाव आणि बैठकीचा क्रमांक मोठ्याने सांगावा. फाइलची नावे नंतर कुणी बदलली तरी आवाजातली ही नोंद टिकते.

गाणे झाल्यावर फोन तसाच चालू ठेवून गप्पा माराव्यात. ही ओवी लग्नाआधी शिकलात की नंतर? पहाटे किती वाजता दळायला बसायचात? गावात गिरणी कधी आली? गिरणी आल्यावर ओव्या कुठे गेल्या? आमच्या संग्रहातला सर्वांत मोलाचा भाग या गप्पांतूनच आला आहे आणि मुलांनी एकही प्रश्न न वाचता विचारलेले तुकडे त्यात सर्वांत जिवंत आहेत.

लिहून काढणे

एका मिनिटाची ओवी उतरवायला नवख्या मुलाला वीस मिनिटे लागतात. कंटाळा येतो, पण भाषेचे सारे शिकणे इथे दडलेले असते. मुले जोडीने बसावीत. एकाने ऐकून लिहावे, दुसऱ्याने कागद न पाहता ऐकावे आणि मग ताडावे. नियम एकच: जे ऐकू आले तेच लिहायचे. आजी 'पानी' म्हणाल्या तर 'पाणी' लिहायचे नाही, 'व्हतं' म्हणाल्या तर 'होते' करायचे नाही. मुलांचा हात आपोआप प्रमाणभाषेकडे वळतो, कारण आजवर बोलीतल्या शब्दावर लाल शाईच पडली आहे. इथे बोलीचा शब्द बरोबर आणि 'सुधारलेला' शब्द चूक ठरतो, हे पाहून वर्गात कधी न बोलणारी मुले बोलू लागतात. घरची भाषा शाळेत जशीच्या तशी लिहायला मिळणे ही त्यांच्यासाठी मोठी गोष्ट असते.

फोनवर बोलून टंकलेखन करण्याची सोय इथे टाळावी. ती बोलीतला शब्द ऐकते आणि जवळचा प्रमाण शब्द लिहून मोकळी होते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाकडून अर्थ घ्यायचा मोहही मुलांना होतो. मी त्यांना एवढेच सांगते, की साधनाने सांगितलेला अर्थ आजींना वाचून दाखवा आणि त्या काय म्हणतात ते लिहा. अर्थासाठी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती १८५७) आणि दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' हे दोन्ही इंटरनेटवर विनामूल्य पाहता येतात. शब्द तिथे सापडला नाही तर तो आपल्या यादीत ठळक करावा, कारण असा शब्द नोंदवणारे कदाचित आपणच पहिले असू.

टंकलेखन युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व संगणकांना सारखीच कळणारी अक्षरे वापरूनच करावे. जुन्या फॉण्टमध्ये टाइप केलेला मजकूर आपल्या संगणकावर मराठी दिसतो, पण दुसरीकडे तो अगम्य चिन्हे होऊन बसतो आणि शोधयंत्राला सापडत नाही. 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' अशा शब्दांतला र्‍य दोन वेगळ्या प्रकारांनी टाइप होतो. डोळ्यांना ते सारखेच दिसतात, पण शोधताना संगणकाला ते वेगळे वाटू शकतात. पूर्ण गटाने एकच कळफलक वापरावा.

प्रत्येक ओवीसोबत एक तक्ता भरावा: क्रमांक, गायिका, वय, गाव, तालुका, जिल्हा, माहेरचे गाव, ओवी कुणाकडून आली, तारीख, विषय, रेकॉर्डिंग कुणी केले. यातला माहेरचा रकाना कधीही गाळू नये. आमच्या मुलांनी एकदा नकाशावर गायिकांच्या गावांना लाल टिकल्या आणि माहेरांना हिरव्या टिकल्या लावल्या. एकच ओवी तीन गावांत सापडली होती, आणि त्या तिन्ही बायकांची माहेरे एकाच ओढ्याकाठची निघाली. ओवी लग्नाबरोबर सासरी जाते, हे भूगोलाच्या तासाला मुलांनी स्वतः शोधून काढले.

सफाई आणि मांडणी

ऑडॅसिटी हा आवाज संपादित करण्याचा मोफत कार्यक्रम शाळेच्या जुन्या संगणकावरही सहसा चालतो. सुरुवातीची दहा सेकंदांची शांतता निवडून ती गोंगाटाचा नमुना म्हणून द्यायची आणि मग पूर्ण रेकॉर्डिंगवर गोंगाट कमी करण्याची क्रिया चालवायची. हात हलका ठेवावा, नाहीतर आजींचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. मूळ फाइल कधीच बदलायची नाही, तिची प्रत घेऊन त्या प्रतीवर काम करायचे. शब्द कापून जोडायचे नाहीत. खोकला, कोंबडीचा आवाज, मधले हसू राहू द्यावे.

तीन वर्तुळे

संग्रह एकदम जगासमोर ठेवू नये. पहिले वर्तुळ घरचे: गायिका, त्यांची माणसे, वर्गातले पालक. चुकीचे शब्द, चुकीची नाती, नको असलेली ओवी, हे सारे इथेच पकडले जाते. किमान दोन आठवडे संग्रह इथेच ठेवावा.

दुसरे वर्तुळ ओळखीच्या परक्यांचे. दुसऱ्या जिल्ह्यातली एखादी शाळा, किंवा परदेशातली मराठी शाळा. उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा भरतात आणि अशा शाळांतल्या मुलांचे प्रश्न आपल्या मुलांना फार शिकवतात, कारण त्यांना जाते, उंबरा, माजघर यांतले काहीच गृहीत धरता येत नाही. 'दळण' म्हणजे काय हे ज्याने कधी पाहिलेच नाही, त्याला चार ओळींत समजावून सांगणे हा आमच्या मुलांनी आजवर केलेल्या निबंधांतला सर्वांत अवघड निबंध होता. या वर्तुळासाठी फक्त दुवा असणाऱ्यालाच दिसेल अशी व्यवस्था पुरते.

अभिप्राय मागताना नेमके प्रश्न द्यावेत, नाहीतर 'खूप छान' आणि अंगठ्याची चित्रे येतात आणि मुले ती मोजत बसतात. आम्ही तीनच प्रश्न पाठवतो. कोणता शब्द ऐकू आला नाही किंवा कळला नाही? तुमच्याकडे याला दुसरा शब्द आहे का? तुमच्या घरी ही ओवी वेगळी म्हणतात का? तिसऱ्या प्रश्नाने संग्रह वाढत जातो. आलेल्या प्रत्येक उत्तराला मुलांनी लेखी प्रत्युत्तर द्यावे आणि दुरुस्ती केली तर कुणामुळे केली, तेही नोंदवावे. अभिप्राय आधी मोठ्या माणसाने पाहावेत, ही अट या वर्तुळात आणि पुढच्या वर्तुळातही मोडू नये.

तिसरे वर्तुळ सर्वांचे. इथे जाण्यापूर्वी परवान्याचा निर्णय घ्यावा लागतो. आपले काम इतरांनी कोणत्या अटींवर वापरावे हे सांगणारे क्रिएटिव्ह कॉमन्सचे तयार परवाने २००२ पासून उपलब्ध आहेत. त्यातला श्रेय देऊन आणि त्याच अटीवर वाटण्याची मुभा देणारा परवाना विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या चित्रे-ध्वनींच्या खुल्या संग्रहावर, चालतो, पण त्यात व्यापारी वापरालाही परवानगी मिळते आणि एकदा दिलेला परवाना मागे घेता येत नाही. हे दोन्ही मुद्दे आजींना सोप्या भाषेत सांगावेत: "उद्या कुणी हे गाणं जाहिरातीत वापरलं तर तुम्हाला चालेल का?" आमच्या भागातल्या बहुतेक आजी याला नाही म्हणाल्या. ज्या नाही म्हणतात त्यांच्या ओव्या शाळेच्या स्वतःच्या पानावर, सर्व हक्क राखून ठेवाव्यात. ज्या हो म्हणतात त्यांच्याच कॉमन्सवर जाव्यात, आणि त्या वेव्ह, फ्लॅक किंवा ऑग या प्रकारच्या ध्वनिफाइलींत द्याव्यात. विकिपीडियावर मात्र स्वतः गोळा केलेली माहिती आधार म्हणून चालत नाही. हा नियम का आहे, यावर वर्गात एक तास जरूर बोलावे. यूट्यूबवर ठेवायचे झाल्यास खाते मोठ्या माणसाचे असावे.

नवी ओवी

संग्रहाचा पहिला टप्पा झाला, की मुलांना स्वतःचे काही करायला द्यावे, आणि ही पायरी वगळू नये. जपलेली वस्तू मुलाला परकीच राहते, हातात घेऊन वापरलेली वस्तू त्याची होते. कुणी ओवीवर चित्रमालिका काढतो, कुणी स्क्रॅचवर फिरते जाते करून त्याला आजीचा आवाज जोडतो, कुणी नकाशा बोलका करतो. मला स्वतःला सर्वांत प्रिय आहे ती नवी ओवी रचण्याची पायरी. चाल तीच, बोली घरची, विषय आजचा. मुलांनी आधी बोटांवर अक्षरे मोजायची, मग जात्याच्या लयीवर म्हणून पाहायचे. आठवीतल्या एका मुलाने ही ओवी केली:

गिरणीचा पट्टा फिरे, पीठ पडं डब्यामंदी
माज्या आजीची गं ओवी, माज्या मोबाइलामंदी

प्रत्येक अर्ध्या ओळीत आठ अक्षरे आहेत. ती त्याने मोजली होती आणि एक अक्षर जास्त होत होते म्हणून 'पडतं'चे 'पडं' केले होते. 'पडं' असे आपली आजीच म्हणते, हे त्याने मला त्याचे समर्थन म्हणून सांगितले.

नव्या ओवीखाली श्रेय लिहायला शिकवावे: चाल कुणाची, मूळ ओवी कोणत्या क्रमांकाची, नवे शब्द कुणाचे. स्क्रॅचवर एखाद्याच्या प्रकल्पावरून आपला प्रकल्प केला तर मूळ कर्त्याचे नाव आपोआप जोडले जाते. तीच सवय वहीतही लागली पाहिजे. दुसऱ्याच्या कामावर आपले काम उभे करणे आणि दुसऱ्याचे काम आपले म्हणून खपवणे यातला फरक अकरा-बारा वर्षांच्या मुलाला अशाने पूर्ण समजतो.

मूल्यमापन आणि जतन

गुण देताना पहिला मसुदा आणि शेवटचा मसुदा शेजारी ठेवावा आणि मधे काय बदलले, कशामुळे बदलले, हे मुलाकडून तोंडी ऐकावे. किती जणांनी पाहिले, हा आकडा गुणांत कधीच येऊ देऊ नये. मला तर तो मुलांना दिसूच नये असे वाटते.

प्रत्येक टप्प्यावर आलेल्या प्रतिक्रिया आजींना वाचून दाखवायला मुलांनीच जावे. दूरच्या कुणी एका शब्दाबद्दल विचारले आहे, हे ऐकल्यावर बहुतेक आजींना आणखी दोन ओव्या आठवतात. म्हणून या भेटीलाही फोन चार्ज करून न्यावा.

मूळ रेकॉर्डिंगच्या तीन प्रती असाव्यात: एक शाळेच्या संगणकावर, एक बाहेरच्या डिस्कवर आणि एक गायिकेच्या घरी, त्यांच्या मुलाच्या किंवा नातवाच्या फोनमध्ये. खाते आणि पासवर्ड एखाद्या शिक्षकाच्या वैयक्तिक नावावर नसून शाळेच्या नावावर असावेत आणि त्यांची नोंद मुख्याध्यापकांकडे बंद पाकिटात असावी. शिक्षकाची बदली झाली आणि खाते उघडणारे कुणी उरले नाही, म्हणून संपून गेलेले असे दोन उपक्रम मी पाहिले आहेत. जूनमध्ये नवी सातवी आली की जुन्या सातवीतल्या चार मुलांनी त्यांच्यासोबत एक तास बसावे, तक्ता कसा भरायचा ते दाखवावे, आणि कोणत्या आजींकडे अजून जायचे राहिले आहे त्यांची नावे द्यावीत. त्या यादीत वयाने सर्वांत मोठ्या आजींचे नाव सर्वांत वर लिहावे.